दोन पाटांवरची नऊ पेडलं

दिवाकर टाकळकरचा चेहरा इंदूरात फार लोकांना माहीत नाही, टक्कल मात्र सगळ्या शहराला पाठ आहे. सव्वीस वर्षं तो 'रंगतरंग' ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. गणपतीचे मांडव, लग्नातली संगीतं, कुणाच्या रिटायरमेंटची पार्टी, इकडे सांवेर, तिकडे बेटमा, जिथं म्हणून चार बल्ब आणि एक माईक लागतो तिथं दिवाकरभिया पोचलेला. आणि दर फोटोत गायिका हसते आहे, ढोलकवाला हवेत उडालाय, अन् कोपऱ्यात एक गोल चकचकीत डोकं खाली वाकलेलं. जसं काही स्टेजवर कुणाचं कानातलं हरवलंय आणि हा एकटाच शोधून राहिलाय.

शोधत काही नसायचा. पेडलं दाबत असायचा.

पेडल म्हणजे पायानं दाबायची लोखंडी डबी. एका डबीनं गिटारचा आवाज गोड होतो, दुसरीनं फाटतो, तिसरीनं विहिरीत पडल्यासारखा घुमतो. दिवाकरकडे अशा नऊ. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातून सोलोत उडी मारायची तर तीन बंद, दोन चालू, आणि हे सगळं एका टाळीच्या आत. पायाला बोटंच मुळी तेवढी असतात. बेटम्याला एकदा यजमानानं हळूच येऊन विचारलं होतं, भिया, तिकडे मुंग्या निघाल्यात का, पावडर टाकायला सांगू? सांवेरला एक आजीबाई तर चप्पल घेऊन स्टेजवर चढल्या होत्या. त्यांना वाटलं, पोराच्या पायाखाली विंचू आहे.

या नऊ डब्या बसवल्या होत्या दोन सागवानी पाटांवर. पाट साधेसुधे नव्हते. दिवाकर आणि उषाच्या लग्नात माहेरहून आलेले, कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेले, ज्यांवर बसून दोघांनी सगळे विधी केले ते पाट. उषा बाळंतपणाला माहेरी गेली आणि इकडे दिवाकरला एक सपाट, मजबूत फळी हवी होती. उषा तान्ह्या उर्वीला घेऊन परतली तेव्हा पाट एकमेकांना लोखंडी पट्टीनं जोडलेले, वर बुटांच्या बंदासारख्या चिकटणाऱ्या काळ्या व्हेल्क्रोच्या पट्ट्या, अन् पट्ट्यांवर डब्या. ती अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलली ते एवढंच, की माझ्या पाटावरून पाय काढा आधी. सव्वीस वर्षांत तो काही निघाला नव्हता.

दिवसा दिवाकर स्नेहलतागंजात दुकान चालवतो, स्टॅबिलायझर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं. तिथंही मान खालीच. म्हणजे माणूस जन्मभर एक तर सोल्डरकडे बघत आला किंवा स्वतःच्या पायांकडे.

उर्वीचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं उलटंपालटं झालं. मुलगा निशांत, शिक्षकाच्या घरचा, शांत, जेवताना शेव संपली तरी मागायला लाजणारा. घरात याद्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना उर्वीनं सांगून टाकलं की तिला दागिना नको, ड्रोन नको, धुराचं मशीन नको. मांडवात शिरताना बाबांनी गिटार वाजवायची. उभं राहून नाही, तिच्यासोबत चालत.

"आणि वर बघून," ती म्हणाली.

"वर कुठं?" दिवाकरनं पोळी हातात धरून विचारलं.

"माझ्याकडे. माझ्या शाळेच्या गॅदरिंगपासूनचे सगळे फोटो काढून बघा बाबा. मला तुमचं टक्कल पाठ आहे. लग्नात मला तोंड पाहिजे."

दिवाकरनं पोळी ताटात ठेवून दिली. कारण धून कोणती वाजवायची ते दोघांनाही न सांगता माहीत होतं. उर्वी चार महिन्यांची असताना रात्री रडायची, उषा थकून झोपलेली असायची, तेव्हा हा पाळण्याशी बसून इलेक्ट्रिक गिटार वायर न लावताच वाजवायचा. नुसता तारांचा बारीक किसकिसाट, तिला ऐकू जाईल आणि उषाला जाणार नाही असा. तिथं ती धून सापडली. पुढं तिला तीन मजले चढले. आधी गोड, मग घुमणारं, शेवटी असं झन्नाट की काचा थरथरतील. ऑर्केस्ट्रात ती त्यानं कधी वाजवली नाही. घरातच ठेवली.

आता अडचण अशी की तीन मजले म्हणजे सहा पेडलांची उलथापालथ, आणि पेडलं पाटावर, पाट स्टेजवर. चालायचं तर आवाज बदलता येत नाही, आवाज बदलायचा तर चालता येत नाही. उषानं सुचवलं, एकाच आवाजात वाजवा ना, लोक काय कान लावून बसलेत का. दिवाकरनं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिनं बिनमसाल्याचे पोहे पुढे ठेवले.

त्याआधी दुसरंच एक प्रकरण मिटवायला लागलं. उषाचे थोरले बंधू मालोजीराव. यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत, त्यामुळे हे आजही बसस्टॉपवर उभे राहतात तेही सलामी घेतल्यासारखे. मुलीला मांडवात मामा आणतो, बाप नाही, हे त्यांनी फोनवर अर्धा तास समजावलं. दिवाकरनं मान्य केलं, हात तुम्हीच धरा, मी नुसता पुढे चालतो. मालोजीरावांनी थोडा विचार केला. मग म्हणाले की हरकत नाही, पूर्वी चोपदार चालायचेच. दिवाकर म्हणाला, पण मला उलटं चालावं लागेल, तिच्याकडे तोंड करून. पलीकडून नुसतं खाकरणं ऐकू आलं. दिवाकरला वाटलं, गेलं. पण मालोजीराव भारावून गेले होते. "बिल्कुल बरोबर आहे दिवाकरराव. दरबारात पाठ दाखवायची नसते."

म्हणजे मानपानाचं मिटलं. आता फक्त पेडलांचं काय ते बघायचं होतं.

दिवाकरनं आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले, आणि एका सकाळी कपाळावर हात मारून घेतला. मोठे कलाकार पेडलं पायाशी ठेवतच नाहीत. सगळी पेडलं एका लोखंडी कपाटात, त्याला रॅक म्हणतात, खणाखणांत झोपलेली. प्रत्येक पेडलाची वायर जाते एका स्विचरच्या पेटीत, आणि बाहेर फक्त बटणांची एक पट्टी. एक बटण दाबलं की पेटी स्वतःच ठरलेली पेडलं जोडते आणि बाकीची तोडते. तीन बंद, दोन चालू, सगळं एका टिचकीत. आणि वर एक फायदा. जुन्या पद्धतीत गिटारचा आवाज नऊच्या नऊ डब्यांतून जायचा, डबी बंद असली तरी. नऊ नातेवाइकांच्या घरी चहा पिऊन स्टेशनवर पोचणाऱ्या पाहुण्यासारखा तो शेवटी गळपटून जायचा. रॅकमध्ये ज्या घरी बोलावणं आहे तेवढ्याच घरी जातो, ताजा राहतो.

स्विचरची पेटी मागवली. गिटारला बिनतारी जोडणीची छोटी डबी कमरेला लावायला घेतली. राहिलं कपाट. ते बनवायला सांवेर रोडवरच्या पियुषकडे गेला. पियुष नमकीनच्या दुकानांसाठी स्टीलचे रॅक बनवतो. त्यानं माप घेतलं, कागदावर आकृती काढली आणि पहिला प्रश्न विचारला, दर ट्रेला किती किलो माल पडेल. दिवाकर म्हणाला, माल नाही रे, आवाज ठेवायचाय. पियुषनं मान डोलावली आणि कागदावर 'हलका माल' असं लिहिलं.

आठ दिवसांनी कपाट आलं. झकास, चकचकीत, खाली चाकं. फक्त प्रत्येक ट्रेला बारीक भोकं पाडलेली, तेल निथळायला. पियुषचा हात सवयीनं चालला होता. दिवाकर आधी तडकला, पण पेटी चालू करून बघितली तर भोकांतून हवा खेळत होती, काही तापत नव्हतं. त्यानं पियुषला फोन करून शाबासकी दिली. पियुषला कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाटांवरून नऊ पेडलं निघाली त्या दिवशी उषा जातीनं समोर उभी होती. एकेक डबी फर्रकन् निघायची आणि ती आकडा म्हणायची. नववी निघाली तसे तिनं पाट उचलले, लोखंडी पट्टी काढून घेतली आणि पितळी फुलं चिंचेनं घासायला बसली. लेक आणि जावई याच पाटांवर बसणार, तिनं जाहीर केलं. व्हेल्क्रोच्या पट्ट्या तेवढ्या तुम्ही खरवडून काढा. दिवाकर म्हणाला, उद्या काढतो. डोळे कपाटाकडे होते.

मग स्वयंपाकघराच्या दारात वायरींचं जंगल उगवलं. अठरा छोट्या वायरी, नऊ जायच्या, नऊ यायच्या. दोन दिवस दिवाकर त्यात मुंडी घालून बसला. तिसऱ्या दिवशी सगळं जोडून पहिलं बटण दाबलं. आवाज झकास. दुसरं दाबलं, झकास. तिसरं दाबलं आणि गिटार मुकी. पुन्हा दाबलं, मुकी. सगळं उपसलं, पुन्हा लावलं. मुकी. उषानं जाता जाता म्हटलं की पाटांचा तळतळाट आहे.

इथं अप्पासाहेब आले.

अप्पासाहेब म्हणजे दिवाकरचे वडील, वय एकोणऐंशी. मीटरगेजच्या काळात रेल्वेच्या केबिनीत लीवर ओढायचे. चौतीस वर्षं, माणसाच्या उंचीचे लीवर, एक ओढला की अर्ध्या मैलावर रूळ सरकायचे. लेकाच्या गिटारशी त्यांचं कधी जमलं नाही. ऑर्केस्ट्राला ते 'तो गोंगाट' म्हणत. पण त्या दुपारी चहा घेऊन उभे राहिले आणि कपाटाकडे बघता बघता चहा निवला. नऊ खण. नऊ रस्ते. प्रत्येकाला जायची वाट आणि यायची वाट.

"दिवाकर," ते म्हणाले, "ही तर केबिन आहे रे."

ते खाली बसले. गुडघ्यांनी तक्रार केली, ती त्यांनी ऐकली नाही. बोट ठेवून एकेका वायरीचा माग काढू लागले, तोंडानं पुटपुटत, गाडी इथून निघाली, इथं वळली, एक नंबरात गेली, परत आली, पुढं गेली. सहाव्या खणाशी बोट थांबलं.

"गाडी सहातून सुटली ती परत आलीच नाही. जायच्या रुळावर यायची गाडी घातलीस, गाढवा."

दिवाकरनं दोन वायरी अदलाबदल केल्या, तिसरं बटण दाबलं आणि झन्नाट आवाज आला. इतका, की वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा खाली आला. अप्पासाहेब हसले. पोहे गोळा करायला उषाबरोबर खाली वाकले, तरी हसतच होते.

त्या दिवसापासून केबिन त्यांची झाली. कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी नऊही रस्त्यांचा नकाशा काढला. बटणांना प्रीसेट वगैरे म्हणणं त्यांना मंजूर नव्हतं. मार्ग एक, गोड. मार्ग दोन, घुमारा. मार्ग तीन, झन्नाट. चौथा रिकामा, वेळप्रसंगासाठी. पाचवं बटण सगळा आवाज बंद करायचं, त्यावर त्यांनी उषाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

आणि मग ज्या प्रश्नावर दिवाकर रोज पांघरूण घालून झोपत होता तोही सुटला. बटणांच्या पट्टीची वायर सात मीटर, लग्न ज्या मांगलिक भवनात होणार त्याचं दार स्टेजपासून चाळीस पावलं. दिवाकर चालणार, तर बटणं दाबणार कोण? ऑर्केस्ट्रातली पोरं लग्नात नाचणार, त्यांचा भरवसा नाही. अप्पासाहेब खाकरले. त्यांनी विचारलं, चौतीस वर्षांत माझ्या केबिनीतून एक तरी गाडी चुकीच्या रुळावर गेली का? दिवाकर म्हणाला, नाही अप्पा. मग झालं तर, ते म्हणाले आणि ट्रंकेतून जुनी शिटी शोधायला गेले. ती मात्र उषानं काढून घेतली.

नियमांशिवाय अप्पासाहेब बटणाला बोट लावणार नव्हते. गिटारची मान म्हणजे सिग्नलचा हात. आडवी असली की आहे तसं चालू द्यायचं. झुकली की पुढचा मार्ग. आणि गिटारची मान दिसली नाही तर? दिवाकर म्हणाला, दिसेलच की, पाठमोरा असलो तरी डाव्या बाजूला बाहेर येते ती. अप्पासाहेबांनी नन्नाचा पाढा लावला. दिसला नाही सिग्नल तर तो लालच धरायचा. आणि एकदा गाडी थांबवली की हात स्वच्छ दिसेपर्यंत सोडायची नाही.

गच्चीवर रोज सकाळी तालीम व्हायची. अप्पासाहेब पाण्याच्या टाकीजवळ खुर्चीत, मांडीवर बटणांची पट्टी. दिवाकर उलटा चालत दुसऱ्या टोकाकडून. मधे उर्वी, हातात चहाचा कप, नवरी म्हणून. सगळं जमत आलं होतं, फक्त एकदा वाळत घातलेली उषाची साडी वाऱ्यानं मधे आली आणि गिटार ठप्प झाली. लाल बटण. दिवाकर वैतागला. अप्पा, तिथं साडी नसणार. अप्पासाहेबांनी साडीकडे बोट दाखवून शांतपणे सांगितलं की इंजिन ड्रायव्हरला हेच वाटत असतं.

शेजारची पोरं कठड्यावरून बघायची. त्यांच्यात नवीन खेळ निघाला, आजोबा-भिया. एकजण खुर्चीवर, दुसरा झाडू घेऊन उलटा चालायचा.

लग्न दुपारी बारा बावन्नचं. अकरापासूनच मांगलिक भवनात माणूस मावत नव्हता. स्टेजच्या बाजूला कपाट उभं, झाकण उघडं, नऊ लाल दिवे लुकलुकताहेत. वरपक्षाकडचे दोघं तिघं येऊन विचारून गेले, नमकीनचा काउंटर कधी सुरू होणार. कपाटामागं अप्पासाहेब, पांढरं धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, मांडीवर पट्टी. पाठ ताठ. कोण नमस्कार करायला आलं तर नुसती भुवई उचलत, ड्यूटीवर आहे अशा अर्थानं. उषानं ओटीचा हिरवा खण त्यांच्याजवळ ठेवला होता, सांभाळायला.

दार उघडलं. मालोजीराव तुरेदार फेट्यात, उर्वीचा हात धरून, असे की सनई वाजवणाऱ्यानंही उठून उभं राहावं. त्यांच्यापुढं दिवाकर, नव्या कुर्त्यात, गळ्यात गिटार, स्टेजकडे पाठ. त्याच्या पायाखाली काही नव्हतं. ना डबी, ना वायर, ना पाट. पाय कुठं ठेवायचे हेच त्याला क्षणभर सुचेना. मग त्यानं पहिला सूर लावला, गोड, स्वच्छ, नऊ घरचा चहा न प्यालेला, आणि एक पाऊल मागं टाकलं.

दहा पावलं गेली. गिटारची मान झुकली. कपाटाकडून टक, आणि आवाज घुमायला लागला. अख्ख्या भवनात वारा शिरल्यासारखं झालं. लोक उठले. एक उठला म्हणून दुसरा उठला, आणि उठला की मोबाईल वर. शंभर, दोनशे मोबाईल, हात उंच करून. मधल्या वाटेवर पोरं घुसली, त्यांच्यामागं व्हिडिओवाला, त्याच्यामागं त्याचा दिवेवाला. वीस पावलांवर तिसरा मजला यायचा होता. दिवाकरनं गिटारची मान झुकवली.

कपाटामागं बसलेल्या अप्पासाहेबांना दिसत होत्या पाठी. निळ्या पाठी, जरीच्या पाठी, आणि वर मोबाईलांचं रान. सिग्नल कुठंच नव्हता. चौतीस वर्षांचं बोट होतं ते, त्यानं विचार केला नाही.

लाल ठिपका.

आवाज असा तुटला की वाढप्याच्या हातातल्या चिमट्याची खणखण ऐकू आली. वाट थांबली. मालोजीराव थांबले. व्हिडिओवाला थांबला. दिवाकरची बोटं मात्र तारांवर चालूच होती, थांबायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता गिटारमधून येत होता फक्त तो बारीक किसकिसाट. वायर न लावलेल्या तारांचा. तीन हातांच्या पलीकडे कुणाला ऐकू न जाणारा.

तीन हातांवर उर्वी होती.

दिवाकरला दोन क्षणांत सगळं कळलं. साडी. मोबाईल. लाल. अप्पा. आधी सवयीनं त्यानं खाली बघितलं, पायाशी, कुठली डबी बंद पडली ते. खाली फक्त फरशी होती आणि स्वतःच्या नव्या मोजड्या. दाबायला काहीच नव्हतं. मग त्यानं वर बघितलं.

उर्वी हसत होती आणि तिचं काजळ ओघळत होतं, दोन्ही एकदमच. पाळण्यातल्या धुनीचा एकही सूर तिनं सोडला नव्हता, तिचे ओठ हलत होते. दिवाकर वाजवत राहिला. त्याचं तोंड उघडं होतं, भुवया कपाळावर चढलेल्या, टकलावर घाम, पोहे घशात अडकल्यासारखा माणूस. पण चेहरा होता, अख्खा, समोर, तिच्याकडे. मालोजीरावांनी ते बघितलं आणि हळूच तिचा हात सोडून फेटा सावरल्याचं नाटक केलं.

"बाबा," उर्वी कुजबुजली, "थांबू नका."

तिकडे अप्पासाहेब खुर्चीवर चढले होते. एकोणऐंशीव्या वर्षी, धोतरात, एक हात केबिनीच्या कपाटावर ठेवलेल्या बटणांच्या पट्टीवर, दुसऱ्या हातात उषाचा हिरवा खण. लोक वळून बघायला लागले. म्हाताऱ्याला काही झालंय असं वाटून दोघं धावले, त्यांना त्यांनी हातानंच बाजूला केलं. बाजूला म्हणजे बाजूला, वाटेतून. गर्दीला फट पडली. फटीतून दिसली गिटारची मान, खाली झुकलेली, स्वच्छ.

अप्पासाहेबांनी हिरवा खण हलवला, डावीकडून उजवीकडे, पूर्ण हात ताणून, आणि बाकी पुढं काय झालं ते इंदूरात आजही सांगतात. पाचवरून थेट तीन. झन्नाट. धून जिथं पोचली होती तिथूनच तिला पंख फुटले. छताचे पंखे थरथरले. पोरं किंचाळली, वरपक्षाचे शिक्षक काका खुर्चीवर चढून टाळ्या पिटायला लागले, आणि मालोजीराव, ज्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी नाचल्याचं कुणाला आठवत नाही, त्यांनी एक खांदा उडवला. मग दुसरा. तुरा डुलायला लागला तसे त्यांचे पायही ऐकेनात.

दिवाकर उलटा चालत स्टेजपर्यंत आला, एकदाही खाली न बघता. शेवटच्या पायरीला अडखळला आणि निशांतच्या कुशीत पडला. शांत निशांतनं त्याला गिटारीसकट सावरलं आणि कानात म्हणाला, "बाबा, एक नंबर." तो पहिल्यांदा बाबा म्हणाला होता.

पुढं अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, आणि नवरा-नवरी विधीला बसले त्या दोन पाटांवर. पितळी फुलं लखलखत होती. उषा दर पाच मिनिटांनी त्यांच्याकडे बघत होती, लेकीकडे बघते की पाटांकडे ते सांगणं कठीण. तिनं पाटांवर पांढरं सुती वस्त्र अंथरलं होतं, घड्या घालून, नीट.

सप्तपदीला गुरुजींनी उठायला सांगितलं. निशांत उठला. उर्वी अर्धी उठली आणि थांबली. पुन्हा उठली. पाटही उठला. वस्त्र केव्हाचंच सरकलं होतं, आणि जी व्हेल्क्रो 'उद्या काढतो' म्हणून राहिली होती ती सव्वीस वर्षं पेडलं धरून ठेवायच्या सवयीनं शालूला धरून बसली होती.

उषानं दिवाकरकडे बघितलं. त्या नजरेत पुढच्या अकरा दिवसांची सूचना होती.

दिवाकर धावला. गुडघे टेकून बसला, खिशातून दुकानाचं कार्ड काढलं, ते रेशीम आणि पट्टीच्या मधे सरकवलं, आणि सोल्डरवर वाकतो तसा वाकून एकेक धागा सोडवू लागला. सगळं भवन हसत होतं, गुरुजीसुद्धा. स्टेजच्या बाजूला अप्पासाहेब कुणालाही सांगत होते की गाडी यार्डात अडकलीय, घाबरायचं काम नाही.

उर्वीनं वाकून बघितलं. तिच्या पायाशी, शालूच्या जरीत, एक गोल चकचकीत डोकं.

"झालं," ती म्हणाली, "आलं परत टक्कल."

"एक मिनिट गं," दिवाकर खालूनच म्हणाला, "दोन पट्ट्या सुटल्या, एक राहिलीय."

तिनं त्या टकलावर हात ठेवला आणि सुटेपर्यंत काढला नाही.